मॅलोलॅक्टिक किण्वनासाठी जिवाणूंचं विरजण कसं वाढवावं?

तुमचे प्रश्न चार आहेत: मॅलोलॅक्टिक जिवाणूंच्या (म्हणजे वाइनमधल्या मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंच्या) एका पाकिटातून स्वतःचं विरजण वाढवता येईल का, त्यासाठी माध्यम कोणतं घ्यावं, सुरुवात केव्हा करावी, आणि उरलेलं विरजण पुढच्या हंगामापर्यंत ठेवता येईल का.

वाढवता येतं. पण नुसते जिवाणू वाढवणं आणि वाइनमध्ये पडल्यावर जगतील असे जिवाणू वाढवणं, यांत मोठं अंतर आहे. सफरचंदाचा रस, चिमूटभर यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, २५ अंश तापमान आणि आठवडाभराचा धीर एवढ्यावर बाटली छान गढूळ होते. मग लोक ती बाटली तशीच पिंपात ओततात आणि महिनाभर काहीच घडत नाही. जिवाणू संख्येने भरपूर असतात, पण त्यांनी कधी अल्कोहोल पाहिलेलंच नसतं. म्हणून खाली जे लिहितोय त्यात माध्यमाच्या कृतीपेक्षा त्यांना टप्प्याटप्प्याने वाइनची सवय लावण्यावर माझा जास्त भर आहे.

आधी हे ठरवा की विरजणाची खरंच गरज आहे का. आज मिळणारी बहुतेक पाकिटं थेट वाइनमध्ये टाकण्यासाठीच बनवलेली असतात. त्यातले जिवाणू कारखान्यात आधीच ताण देऊन कणखर केलेले असतात आणि मग गोठवून वाळवलेले असतात. त्यांना तुम्ही गोड, सौम्य रसात घातलं की काही पिढ्यांत तो कणखरपणा निघून जातो आणि तो तुम्हाला पुन्हा स्वतः आणावा लागतो. नेहमीचं पाकीट साधारण २५० लिटरसाठी असतं. तुमची वाइन त्याहून कमी असेल, एकच घाणा असेल, पीएच ३.४च्या आसपास आणि अल्कोहोल १३ टक्क्यांच्या आत असेल, तर अख्खं पाकीट त्यात टाका आणि मोकळे व्हा. जिवाणू जास्त पडल्याने वाइनचं काही बिघडत नाही. पाकीट अर्धं वापरून उरलेलं चिमटा लावून ठेवणं मात्र टाळा. उघडल्यावर ओल शिरते आणि काही दिवसांत त्यात फारसं काही जिवंत उरत नाही.

विरजणाची मेहनत सार्थकी लागते ती या परिस्थितीत: घाणे अनेक आहेत आणि ते आठवड्या-आठवड्याच्या अंतराने तयार होणार आहेत, वाइन अवघड आहे, म्हणजे पीएच ३.२च्या खाली किंवा अल्कोहोल १४च्या वर. मॅलोलॅक्टिक अर्ध्यावर अडकलंय. किंवा तुमच्याकडे प्रयोगशाळेतून मिळालेला, वाळवलेल्या रूपात न मिळणारा वाण आहे. यातलं काही तुम्हाला लागू असेल तर पुढे वाचा.

हे काम करणारा मुख्य जिवाणू म्हणजे ओइनोकॉकस ओइनी. १९९५ पर्यंत तो ल्युकोनॉस्टॉक ओइनॉस या नावाने ओळखला जायचा, त्यामुळे जुन्या लेखनात ते नाव दिसलं तर तोच समजा. आकाराने जेमतेम एक मायक्रॉन, गोलसर, जोड्यांत किंवा लहान साखळ्यांत राहणारा. तो मॅलिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतो आणि लॅक्टिक आम्ल मागे ठेवतो. १ ग्रॅम मॅलिकपासून ०.६७ ग्रॅम लॅक्टिक आणि ०.३३ ग्रॅम वायू मिळतो. टार्टारिकच्या मापात एकूण आम्लता त्यामुळे सुमारे ०.५६ ग्रॅमने उतरते आणि पीएच सहसा ०.१ ते ०.३ ने चढतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण माध्यमाची सगळी निवड तिच्यावर उभी आहे. मॅलिकपासून त्याला थोडी ऊर्जा मिळते, पण पेशी बांधायला लागणारा माल मिळत नाही. वाढीसाठी त्याला साखर, अमिनो आम्लं आणि जीवनसत्त्वं बाहेरून लागतात, आणि या बाबतीत तो भलताच मागणीखोर आहे. यीस्टसाठी आपण डायअमोनियम फॉस्फेट घालतो. ते याला अजिबात उपयोगी नाही, कारण अमोनियमचा नायट्रोजन त्याला वापरता येत नाही. त्याला तयार अमिनो आम्लं आणि लहान पेप्टाइड्स हवीत. ती यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधून किंवा मेलेल्या यीस्टपासून बनवलेल्या पोषकातून मिळतात. जुन्या कृतींमध्ये टोमॅटोचा रस का दिसतो, याचंही कारण हेच. पँटोथेनिक आम्लाला ग्लुकोज जोडलेलं एक संयुग टोमॅटोच्या रसात असतं आणि या जिवाणूच्या वाढीला त्याची चांगली मदत होते. सफरचंदाच्या रसाचा फायदा वेगळा आहे. त्यात फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षा बरंच जास्त असतं, आणि दोन्ही साखरा एकत्र असल्या की हा जिवाणू फ्रुक्टोजचं मॅनिटॉल करत जास्त वेगाने वाढतो. शिवाय सफरचंदात मॅलिक आम्ल मुळातच भरपूर असतं, आणि तेही योग्य प्रकारचं. त्या प्रकाराबद्दल पुढे सांगतो.

मॅलिक जाणवण्याइतकं घटायला लागतं तेव्हा वाइनच्या दर मिलीलिटरमध्ये निदान दहा लाख जिवंत जिवाणू असतात. चांगल्या विरजणात मिलीलिटरमागे दहा कोटी ते शंभर कोटी असू शकतात. म्हणजे कागदावर एक टक्का विरजणही पुरेसं आहे. तरी मी तीन ते पाच टक्के घेतो, कारण ओतल्यावर काही मरणारच. किती मरतील ते तयारीवर ठरतं. नुसत्या रसात वाढलेल्या पेशी थेट १३ टक्के अल्कोहोल आणि ३.३ पीएचमध्ये गेल्या, तर एक-दोन दिवसांत त्यांची संख्या शंभर पटींनी, कधी हजार पटींनी खाली येते. अल्कोहोल पेशीचं आवरण सैल करतं आणि आम्ल आत झिरपतं. ताण हळूहळू वाढत गेला तर पेशी आवरणातल्या मेदाम्लांची ठेवण बदलतात आणि एल-ओ-१८ सारखी संरक्षक प्रथिनं तयार करतात. या बदलाला वेळ लागतो, आणि पेशी वाढत्या अवस्थेत असतानाच तो होतो. टप्पे लागतात ते यासाठी.

उदाहरण म्हणून २०० लिटर वाइन धरू. शेवटचा टप्पा १० लिटरचा, मधला १ लिटरचा, पहिला १०० मिलीलिटरचा. प्रत्येक टप्पा आधीच्याच्या दहापट. यापेक्षा मोठी उडी मारू नका. जिवाणू पातळ पडले की त्यांच्या आधी दुसरंच काहीतरी जागा पकडतं.

पहिला टप्पा. ५० मिली सफरचंदाचा रस, ५० मिली पाणी, अर्धा ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट. टोमॅटोचा गाळलेला, बिनमिठाचा रस मिळत असेल तर पाण्यातलं १० ते २० मिली कमी करून तेवढा तो घाला. पॉलिसॉर्बेट ८० असेल तर दोन थेंब, नसेल तरी अडत नाही. पीएच ४.५च्या आसपास आणा. रसाचा पीएच याहून खाली असतो, म्हणून पोटॅशियम बायकार्बोनेट अगदी कणाकणाने घालत मोजत जा, फेस येतो. पीएच जास्त झाला तर टार्टारिक किंवा मॅलिकने उतरवा. सायट्रिक आम्ल इथे वापरू नका. हा जिवाणू सायट्रिक खाऊन त्याचं अॅसेटिक आम्ल आणि लोण्याचा वास देणारं डायअॅसिटिल बनवतो, आणि विरजणात या दोन्हींचं काही काम नाही. मग प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाबावर १५ मिनिटं निर्जंतुक करा, पूर्ण थंड होऊ द्या, आणि मगच जिवाणू घाला.

रस विकत घेताना डब्यावरची यादी वाचा. सोडियम बेंझोएट, सल्फाइट, पोटॅशियम सॉर्बेट यातलं काहीही असेल तर तो रस नको. सॉर्बेटबद्दल खास काळजी घ्या. ते यीस्टला रोखतं, पण या जिवाणूंना फारसं रोखत नाही. उलट जिवाणू त्याचं रूपांतर करतात आणि चुरगळलेल्या जिरॅनियमच्या पानांसारखा उग्र वास तयार होतो. तो फार कमी प्रमाणातही जाणवतो आणि वाइनमधून काढता येत नाही. ज्या वाइनमध्ये सॉर्बेट पडलंय तिथे मॅलोलॅक्टिकचा विचारच सोडून द्या.

पाणी क्लोरीनमुक्त हवं. उकळल्याने क्लोरीन जातं, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असतं आणि ते उकळून जात नाही. डिस्टिल्ड पाणी घेतलं की हा प्रश्नच उरत नाही. वाळवलेले जिवाणू आधी २० ते २५ अंशांच्या अशा पाण्यात भिजवा, पण १५ मिनिटांपेक्षा जास्त नाही. नुसत्या पाण्यात ते फार काळ टिकत नाहीत.

बाटली जवळजवळ काठोकाठ भरा, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारं, पण हवा आत न घेणारं झाकण) लावा, २५ अंशांच्या आसपास ठेवा आणि हलवत बसू नका. यीस्टला सुरुवातीला हवा आवडते, याला नाही. चार ते सात दिवसांत द्रव धूसर होतो. बाटली हलकेच गोल फिरवली की आत रेशमासारख्या लाटा उठताना दिसतात. अशा लाटा दिसल्या म्हणजे वाढ जिवाणूंची आहे. जोरात बुडबुडे, वर फेस आणि पावाचा वास आला तर यीस्ट शिरलंय. व्हिनेगरचा वास, किंवा वर पांढरी साय धरली तर हवा लागली आहे. दोन्ही वेळा ओतून द्या आणि नव्याने सुरू करा. सुधारण्याचा प्रयत्न करू नका; १०० मिली रस आणि एक आठवडा एवढंच गेलेलं असतं. हाच निर्णय १० लिटरच्या टप्प्यावर घ्यावा लागला तर फार महागात पडतो.

सूक्ष्मदर्शक असेल तर १००० पट वर्धनाखाली एक थेंब पाहा. जोड्या आणि साखळ्यांत बारीक गोल पेशी दिसायला हव्यात. चार-चारच्या चौकोनी पुंजक्यात गोळे दिसले तर तो पेडिओकॉकस असण्याची शक्यता मोठी. तो काही वेळा वाइन चिकट, तंतुमय करतो आणि हिस्टामाइनसारखी नको ती अमाइन्सही देऊ शकतो. लांब काड्या दिसल्या तर लॅक्टोबॅसिलस कुळातलं काहीतरी आहे. ४.५ पीएचवर यातलं कोणीही सुखाने राहू शकतं, म्हणून पहिल्या टप्प्यावर रेंगाळू नका. पुढच्या टप्प्यांत आम्ल आणि अल्कोहोल वाढतं तसे नको असलेले बरेचसे पाहुणे आपोआप गळतात.

दुसरा टप्पा १ लिटरचा. यात पहिल्यांदा अल्कोहोल येतं. ३०० मिली सफरचंदाचा रस, २०० मिली पाणी, ४०० मिली वाइन, २ ते ३ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, आणि आधीचं १०० मिली विरजण. वाइन १३ टक्क्यांची असेल तर मिश्रणात अल्कोहोल सुमारे ५ टक्के होतं. पीएच ३.८च्या आसपास ठेवा. रस आणि पाणी कुकरमधून काढा. वाइनमध्ये जिवंत यीस्ट असणार, आणि रसातल्या साखरेवर ते तुटून पडेल. म्हणून वाइनची बाटली झाकण सैल ठेवून ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं धरा आणि थंड करा. बारीक फिल्टरची सोय असेल तर तापवण्यापेक्षा गाळणं चांगलं. तापमान यावेळी २२ ते २३ अंश, मुदत पाच ते दहा दिवस.

ही वाइन आणायची कुठून, असा प्रश्न पडेल. मागच्या वर्षीच्या वाइनमध्ये सल्फाइट असतं, त्यामुळे ती चालत नाही. मुख्य तोडणीच्या आठ-दहा दिवस आधी थोडी द्राक्षं तोडून, सल्फाइट न घालता लहान घाणा लावावा, हे मला सगळ्यात सोयीचं वाटतं. त्या घाण्याची वाइन दुसऱ्या टप्प्याला अगदी वेळेवर तयार होते. पहिला टप्पा त्याच सुमाराला, म्हणजे मुख्य तोडणीच्या आठवडाभर आधी सुरू करायचा. मुख्य घाण्याची साखर संपते तेव्हा तुमचं १ लिटर विरजण हाताशी असतं.

तिसरा टप्पा, आणि सगळ्यात महत्त्वाचा. हा त्याच वाइनमध्ये करायचा जिच्यात विरजण शेवटी जाणार आहे. ८ लिटर वाइन, १ लिटर पाणी, १ लिटर विरजण. अल्कोहोल साधारण ११ टक्क्यांवर येतं. पीएच ३.४ ते ३.५ ठेवा. वाइनचा पीएच खाली असेल तर फक्त या १० लिटरपुरतं बायकार्बोनेट वापरा, मुख्य पिंपाला हात लावू नका. यीस्टपासून बनवलेलं मॅलोलॅक्टिकचं पोषक लिटरमागे ०.२ ग्रॅम घाला. इथे वाइन तापवायची नाही, थोडा ताजा बारीक गाळ असला तर उलट चांगलं, कारण मरणारं यीस्ट याला हवी ती अमिनो आम्लं सोडत असतं. दुसऱ्या टप्प्यातून थोडी साखर सोबत येते आणि उरलेलं यीस्ट ती संपवताना सुरुवातीचे एक-दोन दिवस बुडबुडे दिसतात. त्याला मॅलोलॅक्टिक समजू नका. तापमान २० ते २२ अंश. एक ते दोन आठवडे लागतात.

टोमॅटो-सफरचंदाची चव वाइनमध्ये उतरेल का, ही शंका बरेच जण काढतात. या हिशोबात पहिल्या दोन टप्प्यांचं मिळून जे काही आहे ते २०० लिटरमध्ये अर्धा टक्का भरतं. चवीत ते कळत नाही. वाइन विक्रीसाठी बनवत असाल तर मात्र तुमच्याकडचे नियम आधी पाहा, आणि शंका असेल तर सफरचंदाच्या जागी निम्मं पाणी घातलेला, सल्फाइट नसलेला द्राक्षरस वापरा. वाढ किंचित मंद होते, एवढंच.

तिसऱ्या टप्प्यातलं विरजण केव्हा वापरायचं, यावर सगळं यश अवलंबून आहे. मॅलिक पूर्ण संपण्याची वाट पाहू नका. सुमारे दोन तृतीयांश मॅलिक गेलं, म्हणजे सुरुवातीला लिटरमागे २.४ ग्रॅम होतं आणि आता ०.८ वर आलं, की ओतायची वेळ झाली. या क्षणी पेशी भरपूर असतात, कामात असतात, आणि त्यांची मॅलिक आत ओढणारी यंत्रणा जोरात चालू असते. मॅलिक संपलं की ऊर्जेचा तो स्रोत तुटतो आणि तशा आम्लात, तशा अल्कोहोलमध्ये त्यांची संख्या घसरायला लागते. दिसायला बाटली तितकीच गढूळ राहते. मेलेल्या पेशीही गढूळच दिसतात. गढूळपणावरून निर्णय घेणाऱ्यांचं विरजण पडूनही वाइन हलत नाही, याचं हे मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेलं कारण आहे. पिंप अजून तयार नसेल आणि मॅलिक संपत आलं असेल, तर विरजणात त्याच वाइनमधली आणखी वाइन घालून त्याला खाद्य देत राहा.

वाइनमध्ये मॅलिकच कमी असेल, तर तिसऱ्या टप्प्यात लिटरमागे एक-दोन ग्रॅम मॅलिक आम्ल घालता येतं. मघाशी म्हटलेला प्रकार इथे महत्त्वाचा ठरतो. मॅलिक आम्लाचे आरशातल्या प्रतिमांसारखे दोन प्रकार असतात, एल आणि डी. फळांत फक्त एल असतं, आणि जिवाणूचं मॅलोलॅक्टिक एन्झाइम फक्त एलवरच चालतं. रासायनिक पद्धतीने बनवलेल्या मॅलिक आम्लात दोन्ही निम्मे-निम्मे असतात. ते घातलं तर निम्मं कधीच हलणार नाही, चाचणीत मॅलिकचा ठिपका दिसत राहील आणि तुम्ही विनाकारण विरजणाला दोष देत बसाल. लेबलवर एल-मॅलिक लिहिलेलंच घ्या.

मोजायला पेपर क्रोमॅटोग्राफी पुरेशी आहे. ब्युटॅनॉल, फॉर्मिक आम्ल आणि ब्रोमोक्रेसॉल ग्रीन यांच्या मिश्रणात कागद उभा करायचा, वाळला की निळसर हिरव्या कागदावर पिवळे ठिपके उठतात. खालून वर टार्टारिक, मग सायट्रिक, त्याच्या जरा वर मॅलिक, आणि बरंच वर लॅक्टिक. शेजारी शुद्ध आम्लांचे ठिपके लावायचे म्हणजे गफलत होत नाही. यावरून नेमका आकडा कळत नाही, पण ठिपका फिका होतोय की नाही हे स्पष्ट कळतं. ठिपका नाहीसा झाला तरी लिटरमागे ०.१ ग्रॅमपर्यंत मॅलिक उरलेलं असू शकतं, त्यामुळे बाटलीबंद करण्याआधी एन्झाइम चाचणी करून घेणं उत्तम.

आता मुख्य वाइनची बाजू. विरजण कितीही चांगलं असलं तरी चार गोष्टी त्याच्या मुळावर येतात: कमी पीएच, जास्त अल्कोहोल, सल्फर डायऑक्साइड (सल्फाइट घातलं की वाइनमध्ये हेच तयार होतं) आणि थंडी. त्यांचा परिणाम एकमेकांत मिसळून वाढतो. एक गोष्ट काठावर असेल तर चालतं. दोन काठावर असतील तर बाकीच्या दोन अगदी अनुकूल हव्यात. १४ टक्क्यांच्या वाइनमध्ये तापमान वाढवून वेग आणायचा मोह होतो, पण उष्णतेत अल्कोहोलचा मारा जास्त बसतो. तिथे १८ ते २० अंशच ठेवा. साध्या वाइनला २० ते २२ चालतं. १५च्या खाली काम जवळजवळ थांबतं. विरजण आणि वाइन यांच्या तापमानात पाच अंशांपेक्षा जास्त फरक नको.

सल्फर डायऑक्साइडचं मोजमाप करताना अनेक जण फक्त मुक्त, म्हणजे कशालाही न बांधलेला, भाग पाहतात आणि तो शून्य आला की निश्चिंत होतात. जिवाणूंच्या बाबतीत एकूण आकडा बघायला हवा. अॅसिटाल्डिहाइडला बांधलेलं सल्फर डायऑक्साइडही त्यांना जाचतं, कारण ते अॅसिटाल्डिहाइड वापरतात आणि बांधलेलं सुटं होतं. एकूण लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर निर्धास्त राहा, ५०च्या वर गेलं तर अडचण येणार हे धरून चाला. तुम्ही काहीही घातलं नसलं तरी यीस्ट स्वतः थोडं बनवतं, काही वाण बरंच बनवतात. म्हणून यीस्ट निवडतानाच मॅलोलॅक्टिकशी त्याचं कसं जमतं ते पाहून घ्या. लायसोझाइम घातलेल्या वाइनमध्ये विरजण टाकण्यात अर्थ नाही, ते या जिवाणूंची भिंतच फोडतं.

यीस्टसोबतच जिवाणू घालावेत का? पाकिटाच्या बाबतीत ती पद्धत चांगली चालते, कारण सुरुवातीला अल्कोहोल नसतं. घरच्या विरजणासाठी मात्र मी साखर लिटरमागे २ ग्रॅमच्या खाली गेल्यावरच घालायला सांगतो. ओइनोकॉकस साखरेपासून लॅक्टिकबरोबर अॅसेटिक आम्लही बनवतो. यीस्ट मध्येच अडकलं आणि साखर बरीच उरली, तर जिवाणू त्या साखरेवर वाढून वाइन व्हिनेगरच्या वाटेला लावतात. पीएच ३.५च्या वर असेल तर हा धोका जास्त.

अडकलेलं मॅलोलॅक्टिक सोडवायला विरजणाची हीच शिडी उपयोगी पडते, फक्त तिसरा टप्पा त्याच अडकलेल्या वाइनमध्ये दोन पायऱ्यांत करा: आधी अर्धी वाइन आणि अर्धं पाणी, मग आठ-दहा दिवसांनी वाइनचं प्रमाण वाढवत न्या. अडकण्याचं एक लपलेलं कारण म्हणजे यीस्टने सोडलेली मध्यम लांबीची मेदाम्लं. यीस्टची टरफलं लिटरमागे ०.२ ते ०.३ ग्रॅम घालून दोन दिवसांनी गाळावरून वाइन काढली की त्यातली बरीचशी शोषून निघतात. विरजण त्यानंतर घाला.

मुद्दाम विरजण घालून मॅलोलॅक्टिक घडवण्याची पद्धत तशी फार जुनी नाही. कॅलिफोर्नियातल्या हॅन्झेल वाइनरीत ब्रॅड वेब यांनी जॉन इन्ग्रॅहम यांच्या साथीने १९५९ मध्ये ते करून दाखवलं. त्याआधी बहुतेक वाइनरींमध्ये वसंतात तळघर तापायची वाट बघत बसायचे, आणि काही वर्षी मॅलोलॅक्टिक व्हायचंच नाही. त्या काळात वाळवलेली पाकिटं नव्हती, जिवाणू असेच द्रवरूपात टप्प्याटप्प्याने वाढवावे लागत. आज आपण करतो ती शिडी मूळची तिथलीच.

विरजण ओतल्यावर पिंप भरलेलं आणि झाकलेलं ठेवा, आठवड्यातून एकदा गाळ हलकेच ढवळा, दर आठवड्याला चाचणी घ्या. पहिले दहा दिवस काहीच दिसलं नाही तरी दुसरं काही ओतू नका. मॅलिक संपल्याची खात्री आठवड्याच्या अंतराने दोनदा करून घ्या आणि मग सल्फाइट द्या. पीएच चढलेला असतो, त्यामुळे आधी ठरवलेल्यापेक्षा थोडं जास्त सल्फाइट लागेल. नवा पीएच मोजून मगच हिशोब करा.

राहिला साठवणीचा प्रश्न. एकाच हंगामात, मॅलोलॅक्टिक ऐन रंगात असलेल्या पिंपातून पाच टक्के वाइन काढून दुसऱ्या घाण्याला देता येते, आणि ती घरच्या विरजणाइतकीच, किंबहुना जास्त कणखर असते. पण मी दोन फेऱ्यांपुढे जात नाही. दर फेरीत परके जिवाणू थोडे वाढतात, आणि या जिवाणूंवर जगणारे फाज विषाणूही असतात. ते शिरले तर अख्खी साखळी एकदम कोसळते. पुढच्या हंगामापर्यंत द्रव विरजण फ्रिजमध्ये ठेवणं तर सोडूनच द्या. काही आठवड्यांत जिवंत पेशी इतक्या कमी होतात की त्यावर विसंबता येत नाही, आणि घरचा फ्रीजर पेशी फोडतो. उणे ८० अंशांचा फ्रीजर आणि १५ ते २० टक्के ग्लिसरॉल अशी सोय असेल तर पहिल्या टप्प्यातलं, ताजं वाढलेलं विरजण लहान कुप्यांत वर्षानुवर्षं टिकतं. दर हंगामाला एक कुपी काढायची आणि वितळल्यावर ती पुन्हा गोठवायची नाही. ती सोय नसेल तर न उघडलेलं पाकीट उणे १८ अंशांत ठेवा, मुदतीच्या आत वापरा, आणि दर हंगामाची सुरुवात ताज्या पाकिटापासून करा.